लांडगा गेला, कायोटी आला

उत्तर अमेरिकेतील ‘कायोटी’ हा प्राणी आपल्याकडील वाचकाच्या फारसा परिचयाचा नाही. आपला कोल्हा आणि लांडगा यांच्यामधल्या अंगलटीचा, दहा-पंधरा किलो वजनाचा आणि मिळेल ते खाऊन जगणारा हा प्राणी मुळात त्या खंडाच्या पश्चिम व मध्य भागांतील गवताळ आणि रुक्ष प्रदेशांचा रहिवासी. आज मात्र तो अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पनामापर्यंत पसरला आहे. हवाई वगळता अमेरिकेचे एकही राज्य त्याच्यावाचून राहिलेले नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० च्या दशकापासून त्याचे क्षेत्र किमान ४० टक्क्यांनी वाढले. बहुतेक मोठ्या वन्य पशूंचे राज्य आक्रसत असता याने एवढा मुलूख कसा पादाक्रांत केला आणि त्याची किंमत कोण मोजीत आहे, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. सार्वजनिक पैसा कोणत्या हेतूने खर्ची पडतो आणि त्यातून प्रत्यक्षात काय निष्पन्न होते, याचाही तो प्रश्न आहे.

कायोटीचा खरा प्रतिस्पर्धी लांडगा. जेथे लांडग्यांचे कळप नांदतात, तेथे ते कायोटीला हुसकावतात, प्रसंगी ठार मारतात. परंतु युरोपीय वसाहतकारांनी प्रारंभापासूनच लांडग्याशी वैर धरले. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३० मध्येच त्याच्या शिरावर इनाम लावले. १९१५ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने या कामासाठी पैसा मंजूर करून पगारी शिकारी नेमले. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानातील अखेरचे लांडगेही १९२६ पर्यंत मारले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास मिनेसोटाचा उत्तर भाग आणि त्यालगतचा थोडा प्रदेश सोडला, तर अलास्काखेरीज त्या देशात लांडगा जवळजवळ उरला नव्हता. दरम्यान पूर्वेकडील अरण्ये तोडून शेते आणि कुरणे झाली होती. घर रिकामे झाले होते आणि वाटही मोकळी होती. कायोटी आत शिरला, एवढेच. ग्रेट लेक्सच्या परिसरातून येताना त्याचा उरल्यासुरल्या लांडग्यांशी संकरही झाला. त्यामुळे पूर्वेकडील कायोटी अंगाने थोराड निपजला आणि हरणाची शिकार त्याला अधिक साधू लागली.

या स्थलांतराचा भार ज्यांच्यावर पडला, त्यांत कॅरिबू हरिणांचा क्रम वरचा आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील लांडगा १९३० च्या सुमारास नामशेष झाला. समुद्रावरील बर्फावरून चालत कायोटी तेथे १९८० च्या दशकात पोहोचला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नव्वद हजारांच्या वर असलेली तेथील कॅरिबूंची संख्या पुढील सुमारे पंधरा वर्षांत एकतृतीयांशाच्या आसपास आली. मात्र याचा सारा दोष कायोटीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. कळप बेसुमार वाढल्याने चारा अपुरा पडू लागला होता व पाडसे दुबळी जन्मत होती. ती अस्वलांच्याही तोंडी पडत. पडत्या काळात कायोटीची भर पडली, हे अधिक खरे.

क्वेबेकमधील गास्पे द्वीपकल्पाची स्थिती याहून गंभीर आहे. तेथील पर्वतमाथ्यांवर कॅरिबूंचा एक एकाकी कळप तगून आहे. एकेकाळी शेकड्यांनी मोजली जाणारी त्याची संख्या आज काही डझनांवर आली आहे. कॅरिबू हिवाळ्यात जुन्या वृक्षांवरील दगडफुलावर जगतो. लाकडासाठी ते वृक्ष तोडले गेले, त्यांच्या जागी कोवळी झाडोरी वाढली, तिच्यामागून मूस हरिणे, अस्वले आणि कायोटी आले. तेव्हापासून पाडसे मोठी होईनाशी झाली. अशा ठिकाणी कायोटी मारणे तूर्त अपरिहार्य आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकात तेथे तसे केले असता पाडसे जगण्याचे प्रमाण सुधारले. परंतु ही तातडीची मलमपट्टी होय. तोडलेले अरण्य परत येईपर्यंत जखम भरणार नाही.

सरसकट कत्तलीची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेची सरकारी यंत्रणा अलीकडच्या काळातही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. खाजगी शिकाऱ्यांनी मारलेले वेगळेच. तरी त्याचा प्रसार थांबलेला नाही. याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. संख्या घटली की उरलेल्यांना अन्न अधिक मिळते, अधिक माद्या वितात, अधिक पिले जगतात आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत शेजारचे तरुण कायोटी येऊन वसतात. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन संशोधकांनी गणिती प्रतिमानाच्या आधारे दाखविले, की दरवर्षी सत्तर टक्के कायोटी मारले तरीही त्यांची वसाहत टिकून राहू शकते. पुरवठा आपोआप भरून निघत असता इनाम वाटीत राहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

हा सारा खटाटोप ज्यांच्यासाठी झाला, त्या मेंढपाळांच्या पदरी तरी काय पडले? अमेरिकेत १९४२ साली साडेपाच कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. आज त्या सुमारे पन्नास लाख आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे आठ दशकांच्या आकडेवारीची छाननी केली असता असे आढळले, की या घसरणीचा मुख्य संबंध मजुरी, वाळक्या चाऱ्याचा भाव आणि कोकराच्या मांसाची किंमत यांच्याशी आहे. एखाद्या मेंढपाळाची वीस कोकरे एका हंगामात गेली, तर त्याचे दुःख खरेच असते आणि त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण धंदा बुडाला तो बाजारात, आणि सूड उगवला गेला रानात. बाजारभावापेक्षा श्वापदावर बंदूक रोखणे कोणत्याही सरकारला सोपे जाते, हेच यामागील मर्म आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे पुन्हा आणून सोडले, तेव्हा त्यांच्या वावराच्या क्षेत्रात कायोटी घटले आणि प्रॉन्गहॉर्न या हरिणसदृश प्राण्याची पाडसे अधिक संख्येने जगू लागली. उलट, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरालगतच्या झुडपी रानांत कायोटी असतो तेथे मांजरांची संख्या आटोक्यात राहते आणि लहान पक्षी अधिक टिकतात, असे १९९९ च्या एका अभ्यासाने दाखविले. म्हणजे तोच प्राणी एका जागी उपद्रवी, तर दुसऱ्या जागी रखवालदार. त्याच्या वर कोण आहे आणि खाली कोण आहे, यावर त्याचे मोल ठरते.

आता त्याची दृष्टी दक्षिणेकडे आहे. पनामात तो प्रथम १९८१ साली नोंदला गेला. गेल्या दशकात त्याने पनामा कालवाही ओलांडला. त्याच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या मध्ये आता केवळ दारिएनचे घनदाट अरण्य आणि त्यातील जग्वार व प्यूमा उभे आहेत. ते अरण्य कुरणांसाठी तोडले गेले, तर कायोटी त्या खंडात उतरेल, आणि त्याच्या खालचे प्राणी त्याच्याशी सामना करण्यास सर्वस्वी अनभिज्ञ असतील. मग पुन्हा इनामे लागतील, शिकारी नेमले जातील, खर्च मंजूर होईल. आज दारिएन राखण्यास जो खर्च येईल, तो त्या उद्याच्या निष्फळ खर्चाशी ताडून पाहण्याची वेळ अजून टळलेली नाही. निसर्गाच्या खात्यातील एक रक्कम खोडली, की ती दुसरीकडे कोणाच्या तरी नावे पडतेच. गास्पेच्या कॅरिबूंनी ती तीन शतकांनंतर भरली. लांडग्याच्या शिरावर इनाम लावणाऱ्यांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.