कोयत्याच्या हिशेबात माणूस कुठे?



कारखान्यातल्या कायम कामगाराचे नाव हजेरीपटावर असते. त्याचा फंड कापला जातो, बोनस ठरतो, निवृत्त होताना ग्रॅच्युइटी मिळते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९४८ चा कारखाने कायदा, १९६५ चा बोनस कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा यांनी हे हक्क दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते नव्या कामगार संहितांत आले आहेत.

आता गेटबाहेर फडात चला. तिथे टोळीची मोजदाद कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमामार्फत, अंगठा नवऱ्याचा. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, पण हिशेबात ती अर्धा कोयता. आजारी पडली की खाडा. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. एवढे सांगितले तरी पुरे.

असे का होते? कायदा पहिल्यांदा विचारतो, मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे, आणि आपण शेतकरी म्हणतो, आमचा काय संबंध? १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा परराज्यात जाणाऱ्यांपुरता होता. बीडची टोळी बेळगावकडे गेली तर त्यात बसायची, कोल्हापूरला आली तर नाही. ऊस तोच, कोयता तोच!

काही सभासद म्हणतील, साहेब, मजुरांचं सांगता, आमचं काय? खुशाली दिल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही, उचल घेऊन मुकादम पळतो. तक्रार खरी आहे. पण ज्याच्याशी आपला कागदच नाही, त्याला जाब कशाच्या जोरावर विचारणार? हक्क आणि जबाबदारी एकाच कागदावर येतात. एक नाकारली की दुसरीही जाते.

वाहनमालक सभासदांना एक स्पष्ट सांगणे आहे. उचल बुडाली म्हणून टोळी अडवून ठेवू नका. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली कर्जापोटी माणसाला कामाला जखडणे हा गुन्हा आहे. मुकादमाने फसवले असेल तर पोलिसात फिर्याद द्या.

मग करायचे काय? आमच्या मते तीन गोष्टी पुढच्या हंगामाच्या करारापासूनच व्हाव्यात. टोळीतल्या प्रत्येक माणसाचे नाव, बाईचेही स्वतंत्र, शेती खात्याच्या रजिस्टरला लागावे. किती टन तोडला, उचलीतले किती फिटले, बाकी किती, याची चिठ्ठी दर पंधरवड्याला मजुराच्या हातात पडावी. बाईच्या वाट्याची मजुरी तिच्याच बँक खात्यात जावी, आणि विमा दोघांचाही असावा.

खर्च वाढेल, तो आमच्याच बिलातून जाईल, असे कोणी म्हणेल. थोडा जाईल हे खरे. पण खुशालीपायी आज किती जाते, याचाही हिशेब घरी बसून मांडावा. ज्या टोळीचा हिशेब चोख राहतो, ती पुढच्या साली न बोलावता येते, हे जुन्या सभासदांना सांगायला नको.

कारखान्याचे मालक आपण आहोत, हे वार्षिक सभेत आपण छातीठोकपणे सांगतो. मालकी फक्त भाव मागण्यापुरती नसते. येत्या सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा.