शिजणं आणि मुरणं

आपल्या वर्तमानपत्रांना ‘शिजणं’ फार प्रिय. भात शिजतो तसे कट शिजतात, आणि दिल्लीत तर कायम काहीतरी शिजतच असतं. पण शिजायला चूल पेटवावी लागते, कुणीतरी ढवळत उभं राहावं लागतं, वास शेजारी जातोच. मुरण्याचं तसं नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला की ना विस्तव लागतो, ना आचारी. कुणी उघडून पाहिलं नाही म्हणजे झालं. पाणीही असंच मुरतं. शिरतं गच्चीत, ओल दिसते खालच्या मजल्यावर.

बँकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या मला १९९२ चा रोखे घोटाळा ‘शिजला’ म्हटलेलं म्हणूनच खटकतं. शिजला म्हटलं की आचारी शोधायचा. हर्षद मेहता सापडला, सगळे सुटले! पण पाठीशी रोखेच नसलेल्या बँक-पावत्यांवर सह्या बँकांतच होत होत्या. जानकीरामन समितीनं आकडा काढला, सुमारे ४ हजार कोटी.

२०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सांगण्यात आलं, सहा महिन्यांत फक्त १ हजार रुपये काढता येतील. मर्यादा पुढं वाढली म्हणा. पण त्याआधी दर वर्षी ताळेबंदावर सही करताना बरणी कुणी उघडली होती का?