‘ॲलर्जी न देणारा’ कुत्रा असतो का?

घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर पूडल, शित्झू, माल्टीज अशा केस कमी गळणाऱ्या जाती घ्याव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. ‘हायपोॲलर्जेनिक’ म्हणून ही पिल्ले चढ्या किमतीला विकलीही जातात. या दाव्याला वैद्यकीय आधार मात्र नाही.

मुळात ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याची लाळ, त्वचेचा कोंडा आणि लघवी यांतील प्रथिनांची असते. ‘कॅन एफ १’ हे त्यांतील प्रमुख. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते आणि तिचे सूक्ष्म कण हवेत, गादीत, पडद्यांत जाऊन बसतात. केस गळोत न गळोत, लाळ आणि कोंडा प्रत्येक कुत्र्याला असतोच. अमेरिकेत डेट्रॉइट परिसरातील १७३ घरांच्या धुळीचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘हायपोॲलर्जेनिक’ आणि इतर जातींच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

फरक असतो तो कुत्र्या-कुत्र्यात. लॅब्राडूडलची कथा हेच सांगते. पतीला ॲलर्जी असलेल्या एका अंध महिलेसाठी ऑस्ट्रेलियात लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर करण्यात आला. एकाच वेळी जन्मलेल्या तीन पिल्लांपैकी एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. म्हणजे जात तीच, आईबाप तेच, तरी परिणाम वेगळा!

म्हणून जात निवडण्याआधी डॉक्टरांना भेटा. त्वचेच्या चाचणीत अनेकदा धुळीतील किडे किंवा झुरळे हेच खरे कारण निघते. काहींना फक्त ‘कॅन एफ ५’ या प्रथिनाची ॲलर्जी असते. ते नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. अशांना मादी सोसू शकते. त्यानंतर जो कुत्रा आणायचा, त्याच्याच सहवासात ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने काही दिवस, दरवेळी तासभर तरी घालवावा. शिंका, डोळ्यांची खाज, छातीत घरघर यांवर लक्ष ठेवावे. संस्थेतील देशी कुत्र्यालाही हीच कसोटी लावावी. तो उत्तीर्ण झाला तर महागड्या पिल्लाची गरजच नाही. घरी आणल्यावर झोपण्याच्या खोलीत त्याला प्रवेश नको आणि आठवड्यातून दोनदा आंघोळ हवी. पण दमा आटोक्यात नसेल, वारंवार पंप घ्यावा लागत असेल किंवा रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, तर तूर्त कुत्रा आणूच नये.

ही खबरदारी न घेतल्याची किंमत दोघे मोजतात. मुलाचा दमा बळावतो आणि लळा लागलेला कुत्रा रस्त्यावर येतो. तो गेल्यानंतरही घरातील कण कित्येक महिने टिकतात; त्यामुळे मुलाला लगेच आराम पडत नाही. विक्रेत्याच्या हमीपेक्षा त्या कुत्र्याजवळ बसून घेतलेला मोकळा श्वास अधिक भरवशाचा.