सॅकमधली उरलेली जागा

शूज झाले, सॅक झाली, आता एक्स्ट्रा काय घेऊ? ट्रेकिंगची नवी नवी चटक लागलेला प्रत्येक जण हे विचारतोच. दुकानात विचाराल तर चाकू, होकायंत्र, घडीचा स्टोव्ह असं बरंच काही गळ्यात पडेल. होकायंत्र वापरता येत नसेल तर ते म्हणजे महागडं किचेन, बॉस! वस्तू अडचणीत कामाला येणार असेल, तरच मी तिला सॅकमध्ये जागा देतो.

पहिला नंबर हेडलॅम्पचा. कळसूबाईवर (उंची १६४६ मीटर) सूर्योदय गाठायचा म्हणून बारी गावातून आपण अंधारातच चढायला लागतो. वाटेत लोखंडी शिड्या. तिथे एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हाताने शिडी, ही सर्कस कशाला? मोबाइलच्या टॉर्चचं तर नावच काढू नका. बॅटरी संपली की उजेडही गेला आणि फोनही. सेलचा एक जादा सेट हवाच.

पावसाळ्यात रेनकव्हरवर फार विसंबू नका, पाठीकडून पाणी शिरतंच. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी लावा आणि तिच्यात कोरडे कपडे, मोजे ठेवा. घाटमाथ्यावरचा वारा आणि अंगावर ओली जीन्स, ही जोडी भर जुलैतही वाईट. कुडकुडणारा मित्र बोलताना अडखळायला लागला, की प्रकरण साध्या थंडीचं राहिलेलं नसतं, त्याच्या शरीराचं तापमान घसरत असतं. तेव्हा आडोसा आणि कोरडे कपडे लगेच हवेत, गाडीत ठेवलेले काय कामाचे?

आणि शिट्टी. हरिश्चंद्रगडावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि पुढे कोकणकडा! ओरडून घसा बसतो, शिट्टीचा बसत नाही. मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. मदतीसाठीची ही खूण जगभरच्या डोंगरांत चालते. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं. शिट्टी पट्ट्यालाच अडकवा, सॅकच्या तळाशी नको. काही सॅकच्या छातीवरच्या बकलमध्येच ती असते, विकत घेण्याआधी तेवढं बघा.

डिओ मात्र घरीच. कड्यांवर आग्यामोहोळं असतात आणि उग्र वासाने मधमाश्या चवताळतात. परतीच्या लोकलमध्ये शेजारच्याला काय वाटायचं ते वाटू दे.