उलटतपासणी नको, उपचार हवा!

बलात्काराच्या गुन्ह्याची चर्चा आपल्याकडे होते ती पोलीसठाणे आणि न्यायालय या दोन उंबरठ्यांपाशी. परंतु अत्याचार सोसलेल्या स्त्रीला आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो, तो रुग्णालयाचा. तेथे भेटणारे डॉक्टर आणि परिचारिका तिच्याशी कसे वागतात, यावर ती न्याय मागण्यास उभी राहील की तोंड मिटून घरी परतेल, हे पुष्कळदा ठरते. त्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना या कामाचे शिक्षण कोणी दिले आहे काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. २०१३ च्या दुरुस्तीने सरकारी व खाजगी अशा सर्वच रुग्णालयांवर अशा रुग्णास तत्काळ व विनामूल्य उपचार देण्याचे बंधन घातले. तेच बंधन आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे, आणि ते मोडणाऱ्यास न्याय संहितेच्या कलम २०० अन्वये एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. मग उणीव कशाची? उणीव आहे ती शिकवणुकीची!

कर्नाटकातीलच मंजण्णा खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांची चिठ्ठी नाही म्हणून तपासणी नाकारणाऱ्या सरकारी डॉक्टरांविषयी स्पष्ट नापसंती नोंदविली. 'दोन बोटांची चाचणी' ही स्त्रीच्या प्रतिष्ठेवरील आघात होय, असे त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी तेच पुन्हा सांगण्याची, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावण्याची आणि डॉक्टरांसाठी कार्यशाळा घेण्याचा आदेश देण्याची पाळी न्यायालयावर आली. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, याचा अर्थ ती ज्यांच्या कानी जावयास हवी त्यांच्या कानी गेलेली नाही.

या शिक्षणात अवघड असे काय आहे? आधी ऐकावे, मग विचारावे. तिच्या शब्दांवर अविश्वास दाखवू नये. दाराला पडदा असावा आणि तपासणीच्या प्रत्येक टप्प्यास तिची संमती घ्यावी. तिने तपासणी नाकारली तरी उपचार नाकारू नयेत. गर्भधारणा टाळण्याचे औषध लवकरात लवकर आणि एच. आय. व्ही. प्रतिबंधाचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे. अंगावर जखम नाही म्हणजे अत्याचार नाही, हा निष्कर्ष तर वैद्यकशास्त्राचा नव्हेच. मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र उभारले. ते घरगुती अत्याचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी होते. पण रुग्णालयातील नोकरवर्गच शिकविला तर हे काम साधते, हे त्याने दाखवून दिले.

येथे सीमाभागाचा प्रश्न येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी स्त्री सरकारी दवाखान्यात जाते आणि तिच्यासमोर कन्नड संमतिपत्र ठेवले जाते. न वाचता दिलेल्या सहीला संमती कसे म्हणावे? आयुष्यातील सर्वांत कठीण गोष्ट माणूस मातृभाषेतच सांगू शकतो. ती मोडक्यातोडक्या परभाषेत वदविली, तर उद्या न्यायालयात तिच्याच जबानीतील विसंगती तिच्यावर उलटविली जाईल. कोणत्याही गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. याहून मोठे गाऱ्हाणे कोणते?

पण दोष केवळ परक्या भाषेच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीसठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा मथुरा खटला महाराष्ट्रातलाच. अंगावर जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणून संमती, अशा तर्काने सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले. तिची भाषा जाणणारी माणसे भोवती असूनही तिचे ऐकणारे कोणी नव्हते. म्हणूनच आम्ही म्हणतो की, भाषा हवी आणि शिक्षणही हवे; एकावाचून दुसरे पांगळे आहे.

आमची मागणी साधी आहे. बेळगाव जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांचे प्रशिक्षण नेमाने व्हावे. संमतिपत्र व माहितीपत्रक मराठीतही मिळावे आणि मराठी जाणणारी परिचारिका रात्रीच्या पाळीसही असावी. यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. आज रात्री दवाखान्याच्या पायरीवर येणाऱ्या आमच्या भगिनीला तोवर थांबता येणार नाही.