काटा कुठे गेला?

भर मे महिन्यात, खंबाटकी घाटात, गाडीत चार माणसं असताना हिटर फुल्ल लावून बसायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली. २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. ती अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहून टाकतोय.

मामेबहिणीच्या लग्नासाठी पुण्याहून कराडला निघालो होतो. मी, बायको आणि मागे आई-बाबा. शनिवार, सुट्ट्या, लग्नसराई, त्यामुळे शिरवळ सोडल्यावर जी रांग लागली ती घाटात शिरली तरी संपेना. पहिला गियर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गियर. बाहेर चाळिशीतलं ऊन. एसीचा नॉब एकदम निळ्या टोकाला, पंखा चारवर.

निम्मा घाट चढल्यावर एसीची हवा कोमट यायला लागली. मी काय करावं? नॉब आधीच टोकाला होता, तरी आणखी दाबून बघितला. (हो, मी इंजिनिअर आहे. हसू नका.) दोन मिनिटांत डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, आणि गाडीत एक गोडसर वास आला. गाडी कशीबशी डावीकडे घेतली.

बाबा माझ्याआधी खाली उतरले. त्यांनी प्रीमियर पद्मिनी चालवलेली, घाटात गाडी तापणं त्यांच्यासाठी नेहमीचंच. बॉनेट उघडायला लावलं, हातात पिवळं फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात शेजारच्या ट्रकमधून ओरडणं ऐकू आलं.

"अवो साहेब, हात नका लावू! तोंड भाजून निघंल!"

ड्रायव्हर काका खाली उतरले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "दादा, एशी बंद कर. काचा खाली घे. आन् हिटर लाव फुल."

बाबा म्हणाले, "हिटर? या उन्हात?" मलाही वाटलं की काका आपली गंमत करतायत. पण त्यांचा चेहरा गंमतीचा नव्हता. नॉब लाल टोकाला फिरवला, पंखा फुल्ल केला. आतमध्ये भट्टी. आणि थोड्या वेळात लाल दिवा गेला.

काकांनी मग इंजिन बंद करायला लावलं, तासभर गाडीला हात लावू नका असं बजावलं, आणि रांग पुढे सरकली तसे निघून गेले. त्यांना चहासुद्धा पाजता आला नाही.

आता हा चमत्कार नव्हता, साधं फिजिक्स होतं. आपल्याला वाटतं गाडीचा एसी-हिटर ही एक वस्तू आणि इंजिन ही दुसरी. तसं नाहीये. इंजिनमधून फिरणारं गरम कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, आणि त्याचाच एक फाटा डॅशबोर्डच्या मागे असलेल्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येतो. हिटर म्हणजे तोच. नॉब लाल टोकाला नेऊन ब्लोअर लावला की इंजिनची उष्णता केबिनमध्ये यायला लागते. आपण शिजतो, इंजिन वाचतं. उलट एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ताकदीवर चालतो, आणि एसीचा कंडेन्सर बसवलेला असतो रेडिएटरच्या पुढे. म्हणजे एसी चालू असला की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. घाटात, पहिल्या गियरमध्ये, मी इंजिनवर दोन्हीकडून ओझं टाकत होतो.

आणि ती कोमट हवा? इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्यांमध्ये कॉम्प्युटर स्वतःहून कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे गाडी मला सांगत होती, आणि मी निळा नॉब पिळत बसलो होतो.

झाकणाचं तर विचारूच नका. कूलंट साधारण ९० ते १०० अंशांवर फिरत असतं, इंजिन तापल्यावर त्याच्याही वर. सिस्टिम बंद आणि दाबाखाली असते म्हणून ते उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो. घरी परत आल्यावर मी हे वाचत होतो तेव्हा बाबांचा तो फडकं धरलेला हात सारखा डोळ्यासमोर येत होता. दोन सेकंदांचा प्रश्न होता.

असो. आता मुद्द्यावर येतो.

तासाभराने गाडी गार झाल्यावर बाटलीतलं पाणी भरलं, रांग मोकळी झाली होती, वाऱ्याच्या वेगावर गाडी शहाण्यासारखी कराडला पोचली. तिथल्या मेकॅनिकने पाच मिनिटांत निदान केलं. रेडिएटरचा पंखा मेलेला. हायवेवर समोरून वारा लागतो, पंख्याची गरज पडत नाही. रांगेत आणि सिग्नलला सगळी भिस्त पंख्यावर. त्याने विचारलं, "सिग्नलला एसी कमी पडत होता का हो?"

पडत होता! तीन आठवडे पडत होता! तोच पंखा कंडेन्सरलाही गार करतो. पळताना एसी झकास आणि सिग्नलला कोमट, हे पंख्याचं लक्षण असू शकतं हे मला कुठे माहीत. मी पुण्यात एसीचा गॅस भरून आलो होतो.

म्हणजे तीन आठवडे पुण्याच्या प्रत्येक मोठ्या सिग्नलला इंजिन हवं त्यापेक्षा जास्त तापत असणार. मला ते दिसलं का नाही? कारण माझ्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाहीये. एक निळा दिवा, इंजिन थंड असताना. एक लाल दिवा, वाट लागल्यावर. मधलं सगळं जग गायब.

बाबांच्या पद्मिनीत काटा होता. बाबा घाटात रस्त्याइतकेच त्या काट्याकडे बघायचे. काटा वर चढायला लागला की आधीच थांबायचे. आता बऱ्याच छोट्या गाड्यांमधून तो काढून टाकलाय. आणि जिथे आहे तिथेही बऱ्याचदा तो सॉफ्टवेअरने गप्प बसवलेला असतो. खरं तापमान वीसेक अंश खालीवर झालं तरी काटा मधोमध ठाम. यामागचा युक्तिवाद मला पाठ आहे. काटा हलला की ग्राहक घाबरतो, उगाच सर्व्हिस सेंटरला येतो, त्याला काय कळतंय, त्याला फक्त ठीक आहे की नाही एवढं सांगा.

पाठ आहे, कारण हा युक्तिवाद मी स्वतः मीटिंगमध्ये केलाय. आम्ही ऑफिसात क्लायंटसाठी स्क्रीन बनवतो तेव्हा हिरवा ठिपका आणि लाल ठिपका देतो. आत सर्व्हरची हालत आठवडाभर हळूहळू बिघडत असते, आकडे आमच्याकडे असतात, पण क्लायंटला हिरवा ठिपका. मग एका रात्री तो लाल होतो आणि सगळे एकमेकांना फोन करत बसतात. त्याला आम्ही 'युजर फ्रेंडली' म्हणतो. घाटात उभं राहिल्यावर कळलं की त्या बाजूला बसणारा युजर कसा असतो.

सगळ्यात चीड कशाची आली सांगू? तो आकडा गाडीकडे आहे. नंतर मी हजार रुपयांच्या आत मिळणारं एक डोंगल आणलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावलं, आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशा-अंशाने दिसायला लागलं. गाडीच्या कॉम्प्युटरला ते पहिल्या दिवसापासून कळतंय. त्यावरून तो पंखा लावतो, कॉम्प्रेसर बंद करतो. फक्त गाडीचे हप्ते भरणाऱ्या माणसाला सांगत नाही. स्क्रीनवर गाण्याचं नाव, गायकाचं नाव, अल्बमचं चित्र दाखवायला जागा आहे. दोन आकडी तापमानाला नाही.

कोणी म्हणेल, आजकालच्या गाड्या तापत नाहीत, कशाला हवा काटा? पंखे आजही मरतात, होज आजही फुटतात. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं, गॅस्केट जातं आणि मग 'इंजिनकाम' हा शब्द ऐकायला मिळतो. लाल दिवा लागतो तेव्हा तुम्ही त्या बिलाच्या अगदी जवळ असता.

माझी मागणी फार मोठी नाही. काटा परत द्या, आणि खरा द्या. नाहीच जमलं तर स्क्रीनच्या एखाद्या कोपऱ्यात आकडा द्या. ज्याला नको तो बघणार नाही.

आणि ते होईपर्यंत आपण एवढं लक्षात ठेवू. लाल दिवा लागला की एसी बंद, काचा खाली, हिटर फुल्ल, गाडी सुरक्षित बाजूला. मिनिट-दोन मिनिटांत दिवा गेला नाही किंवा वाफ दिसली, तर इंजिन लगेच बंद. हिटरमधून गार हवा येत असेल तर बहुतेक कूलंट संपलंय, तेव्हाही लगेच बंद. झाकणाला गाडी पूर्ण गार होईपर्यंत हात नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी नाही, तडा जाऊ शकतो. तात्पुरतं पाणी भरलं असेल तर नंतर कूलंट बदलून घ्या. आणि 'थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे काय गरज' म्हणणाऱ्या मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणा. दुखणं पंख्याचं असेल तर ते तसंच राहतं, वर इंजिन हायवेवर हवं तेवढं गरमच होत नाही.

मला लायसन्सच्या परीक्षेत यातलं काहीही विचारलं नव्हतं. घाटात एका ट्रक ड्रायव्हरने शिकवलं, तेही फुकट.

परवाच्या सोमवारी ऑफिसात नवीन स्क्रीनचं डिझाइन आलं. हिरवा ठिपका, लाल ठिपका. मी म्हटलं, मध्ये काटा पण ठेवू या. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसे बाबा त्या दिवशी काकांकडे बघत होते.