पंप बदलायच्या आधी

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा 'रिस्टार्ट करून बघ' हा जो रामबाण उपाय आहे ना, त्याचा सख्खा भाऊ अवजड मशीनच्या धंद्यात भेटतो. त्याचं नाव 'पंप गेलाय, बदलून टाका'. फरक एवढाच की रिस्टार्ट फुकट होतो आणि मोठ्या लोडरचा हायड्रोलिक पंप लाखांच्या घरात जातो.

लोडर म्हणजे जेसीबी नव्हे हं. आपण सरसकट ज्याला जेसीबी म्हणतो तो पुढे बकेट, मागे खोदायचा हात असलेला बॅकहो. व्हील लोडरला पुढे एकच भलंमोठं बकेट, छातीएवढी चाकं, आणि वळताना तो चाकं वळवत नाही, चक्क कमरेत वाकतो. वाघोली-मोशीकडच्या खडी क्रशरवर डंपर भरताना पाहिला असेल. माझ्या मामाचा एक लोडर अशाच कामाला लागलेला आहे, त्यामुळे आमच्या घरच्या गप्पांत सील, होज, फिल्टर हे पाहुण्यांसारखे येऊन बसतात.

तर तक्रार काय, बूम हळू उचलतोय. इथे पहिला प्रश्न पंपाचा नाहीच. पहिला प्रश्न: फक्त बूम हळू, की स्टिअरिंगही जड झालंय? बहुतेक मशीनमध्ये दोघांना तेल एकाच टाकीतून जातं. दोन्ही मंदावले तर घोळ सामाईक जागी: तेलाची लेव्हल, चोंदलेला फिल्टर, सक्शन लाईन. एकटाच बूम रडत असेल तर त्याचा सिलिंडर नाहीतर व्हॉल्व्ह. उचललेला बूम आपोआप खाली बसत असेल तरी संशय तिथेच, पिस्टनच्या सीलवर किंवा व्हॉल्व्हच्या स्पूलवर. पाना हातात न घेता अर्धी शक्यता उडाली की नाही? आपण कोडमधला बग असाच निम्मा-निम्मा करत शोधतो.

सक्शन लाईनची गंमत सांगायलाच हवी. पंपाच्या पुढची होज फुटली तर तेल उडतं, आंधळ्यालाही कळतं. पण टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपात दाब नसतो, ओढ असते. तिथला क्लॅम्प सैल झाला तर तेल फारसं बाहेर येतच नाही, उलट हवा आत जाते. खाली डाग नाही, थेंब नाही! पंप मात्र आत खडी दळल्यासारखा आवाज करतो आणि टाकीतलं तेल फेसाळतं. आवाज पंपाचा, म्हणून पंपाला फाशी. नवा पंप बसतो, क्लॅम्प सैल तो सैलच, आणि काही दिवसांत नवाही तेच गाणं म्हणायला लागतो. (तेल फेसाळ नसून दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, ती वेगळी कहाणी.)

'मशीन ओढतच नाही' याचंही तसंच. बऱ्याच लोडरमध्ये पार्किंग ब्रेक लागलेला असला, किंवा डावा ब्रेक दाबला, की ट्रान्समिशन न्यूट्रल होतं. तिथला छोटासा स्विच अडकला तर ठणठणीत ट्रान्समिशन मेल्यासारखं वागतं. स्विच बरा निघाला तर मग स्टॉल टेस्ट: ब्रेकवर धरून, गिअर टाकून, काही सेकंदच फुल रेस. इंजिनाचे फेरे मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा कमी भरले तर इंजिनातच दम नाही. जास्त भरले तर ट्रान्समिशन किंवा टॉर्क कन्व्हर्टर घसरतोय.

आता आपल्यासारखे लोक म्हणणार, नव्या मशीनला कॉम्प्युटर असतो की, फॉल्ट कोड वाचा. वाचा ना! पण कोड सांगतो सेन्सरला काय दिसलं ते. 'ट्रान्समिशनचं तेल गरम' हा कोड तेलाची लेव्हल कमी असली तरी येतो, कूलरच्या जाळीत क्रशरची भुकटी बसली असली तरी येतो आणि ऑपरेटर सवयीने ब्रेकवर पाय ठेवून चालवत असला तरी येतो. माझ्या मते त्या मशीनचा सगळ्यात भरवशाचा लॉग म्हणजे ऑपरेटर. सकाळी थंड असताना होतं की दुपारी? हळूहळू वाढलं की एकदम? आधी कोणी फिल्टर बदलला होता का? त्याला ही उत्तरं माहीत असतात, पण त्याला विचारायची पद्धतच नाही. मालक मिस्त्रीशी बोलतो, मिस्त्री पार्टवाल्याशी, आणि तो बिचारा सावलीत तंबाखू मळत बसतो.

मालकाची घाई मला समजते. लोडर बंद म्हणजे मागे डंपरची रांग. पण घाईत बदललेला पार्ट वेळ वाचवतोच असं नाही. जुना पंप खरंच झिजून गेला असेल तर त्याचा लोखंडी चुरा सगळ्या लाईनमध्ये पसरलेला असतो. टाकी न धुता, फिल्टर न बदलता नवा पंप लावणं म्हणजे त्याला तोच चुरा खायला घालणं.

आणि एका बाबतीत कसलीच घाई चालत नाही. बारीक गळती हात फिरवून शोधायची नाही, पुठ्ठा फिरवायचा. दाबाखालचं तेल कातडीतून आत घुसतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हातही जातो. तसंच बूम वर असताना त्याला भक्कम आधार दिल्याशिवाय खाली शिरायचं नाही. आणि दोन चेसिसच्या मधल्या खोबणीत, म्हणजे त्या कमरेत, लॉकची दांडी लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. इंजिन चालू असताना कोणी नुसतं स्टिअरिंगला धक्का लावला तरी ती जागा मिटते. मामाने ती दांडी लाल रंगवून घेतलीय, आणि ती लागलेली दिसल्याशिवाय तो हेल्परला पानासुद्धा देत नाही.